देहाची ओसरी आणि देहाचं माजघर

कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या तालमीत पहाटे डोकावलं, तर दहा-वीस तरणीबांड पोरं नुसत्या लंगोटावर लाल मातीच्या हौद्यात झोंबताना दिसतात. अंगभर माती आणि घाम, एकाचा हात दुसऱ्याच्या मांडीत, दुसऱ्याचं कोपर पहिल्याच्या मानेवर. दारावरून दूधवाला जातो, समोरच्या घरातली आजी सडा घालते, कोणी वळूनही पाहत नाही. त्यातलाच एखादा पैलवान त्याच लंगोटावर दुपारी बँकेत पैसे भरायला गेला, तर रांगेतली माणसं चार पावलं मागे सरतील आणि शिपाई त्याला हाताला धरून बाहेर नेईल. देह तोच, अंगावरचं कापडही तेवढंच, पाहणारे कदाचित तेच. सकाळी जे कोणाच्या खिजगणतीत नव्हतं, ते दुपारी अश्लील कसं झालं?

अशी कोडी पावलोपावली सापडतात. दवाखान्यात अनोळखी डॉक्टरसमोर माणूस सदरा वर करतो; तीच व्यक्ती बसमध्ये भेटली तर त्याला गळ्याचं बटणही उघडावंसं वाटत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात नागा साधूंच्या मिरवणुकीला लोक हात जोडतात, एरवी रस्त्यावर नागडा माणूस दिसला की पोलिसांना फोन करतात. म्हणजे उघडा देह वाईट, झाकलेला चांगला, इतका सरळ हिशेब समाज करतच नाही. मग तो नेमका कसला हिशेब करतो? माझं उत्तर असं, की लाजेचा संबंध कातडीशी कमी आणि ती पाहण्याच्या हक्काशी जास्त आहे. कोणी कोणाला, किती आणि केव्हा पाहायचं, याची प्रत्येक समाजाने एक व्यवस्था लावलेली असते, आणि कपडे हे त्या व्यवस्थेचं सगळ्यात सोयीचं साधन आहे.

थंडीचं उत्तर कुठे थांबतं

कपडे थंडीवाऱ्यामुळे आले आणि लाज त्यांना मागाहून चिकटली, हे उत्तर चटकन सुचतं. त्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. माणसाच्या अंगावरची दाट लव आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशात, लाखो वर्षांपूर्वीच गेली. उघड्या कातडीवरून घाम पटकन उडतो, अंग थंड राहतं आणि उन्हातान्हात लांबवर चालता-धावता येतं. थंड प्रदेशात मात्र हेच शरीर उघडं पडलं आणि प्राण्यांची कातडी पांघरावी लागली. सैबेरियातल्या देनिसोवा गुहेत हाडाची, नेढं असलेली सुई सापडली आहे. ती सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीची मानली जाते.

पण या उत्तराला दोन्ही टोकांनी तडे जातात. १८३२ च्या डिसेंबरात 'बीगल' जहाजातून चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फ्युएगोला पोचला. तिथल्या लोकांच्या अंगावर फार तर कातड्याचा एक तुकडा असे आणि वारा जिकडून येईल त्या अंगाला ते तो सरकवत. तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या एका बाईच्या उघड्या छातीवर हिमकण पडून वितळत होते, असं डार्विनने नोंदवून ठेवलं आहे. इतक्या थंडीत अंगभर कापड नाही; आणि आपल्याकडे वैशाखात पाठ घामोळ्यांनी भरलेली असताना, नागपूरच्या उन्हात वकील काळा कोट चढवून कोर्टाची पायरी चढतो. कापड कसं आलं ते हवामान सांगतं. नकोसं झालं तरी ते का उतरत नाही, हे मात्र हवामानाला सांगता येत नाही.

चौकट : शिवणीतल्या उवेची साक्ष

*कापड आणि कातडी कुजून जातात, मग माणूस कपडे कधीपासून घालतो हे कळणार कसं? शास्त्रज्ञांनी उवेला विचारलं. माणसावर एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या दोन प्रकारच्या उवा राहतात. डोक्यातली ऊ केसांना लिखा चिकटवते; अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते, तिथेच अंडी घालते आणि रक्त पिण्यापुरती अंगावर येते. म्हणजे कपडे नसतील तर या दुसऱ्या उवेला घरच नाही. सजीवांच्या जनुकांत बारीक बदल साधारण ठरावीक गतीने साठत जातात. दोन उवांच्या जनुकांतले फरक मोजले, की त्यांची वाट कधी वेगळी झाली याचा अंदाज येतो. २००३ मध्ये मार्क स्टोनकिंग आणि सहकाऱ्यांनी हा काळ सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचा धरला. २०११ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने तो किमान ८३,००० आणि कदाचित १,७०,००० वर्षांपर्यंत मागे नेला.*

दोरीभर मर्यादा

पूर्ण उघडं राहणारे समाज तर आहेत, त्यांना कुठे लाज असते, असं कोणी म्हणेल. जवळून पाहिलं की तिथेही लाज सापडते, फक्त आपण शोधतो त्या जागी ती नसते. ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी पुरुषांच्या कमरेला सुताची एक दोरी असे आणि शिश्नाची अग्रत्वचा तिला बांधून ठेवलेली असे. बाहेरच्या माणसाला तो पुरुष नागडा दिसे. पण ती गाठ चारचौघांत सुटली, तर आपलं धोतर सुटावं तितका तो ओशाळे. न्यू गिनीतल्या दानी पुरुषांचा सगळा पोशाख म्हणजे लांबट भोपळ्याचं एक आवरण. ते घातलं की माणूस नीटनेटका, नसलं की नागडा.

प्राचीन ग्रीक तर नग्नतेचे पुरस्कर्ते म्हणूनच प्रसिद्ध आहेत. त्यांचे खेळाडू अंगाला तेल चोपडून पूर्ण उघडे धावत, कुस्त्या खेळत आणि कमरेला पट्टा बांधून खेळणाऱ्या परकीयांना मागासलेले समजत. पण त्यांच्या भांड्यांवरची चित्रं निरखून पाहिली, तर काही खेळाडूंनी अग्रत्वचा पुढे ओढून बारीक वादीने बांधलेली दिसते. शिश्नाचं टोक दिसणं त्यांच्या लेखी गावंढळपणाचं होतं. शिवाय ऑलिंपियाच्या खेळांना विवाहित स्त्रियांना मज्जाव होता. खेळाडूने काही न घालण्याची मुभा आणि प्रेक्षक कोण असावेत याचा कडक नियम, या दोन गोष्टी तिथे जोडीने नांदत होत्या.

काही ठिकाणी तर लाजेची जागाच निराळी आहे. सहाराच्या वाळवंटातले तुआरेग पुरुष परक्यांसमोर तोंड उघडं टाकत नाहीत. चेहरा झाकायचा तो पुरुषांनी, त्यांच्या स्त्रिया मोकळ्या चेहऱ्याने वावरतात. कार्ल फोन डेन श्टाइनेन हा जर्मन संशोधक १८८० च्या दशकात मध्य ब्राझीलमधल्या बाकाइरी लोकांत राहिला. त्यांना उघड्या अंगाचं काहीच वाटत नव्हतं. पण दिलेला मासा त्याने सगळ्यांसमोर खायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांनी शरमेने माना खाली घातल्या. जेवणं ही त्यांच्यात आडोशाला करायची गोष्ट होती. लाजेची रेघ कुठे ओढायची ते प्रत्येक समाज आपापलं ठरवतो. रेघच नसलेला समाज मात्र शोधूनही हाती लागत नाही.

वाड्यात कोण कुठवर येतो

ही रेघ काय काम करते ते समजायला जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. ओसरीवर कोणीही यावं, टेकावं, पाणी प्यावं. पडवीत ओळखीचा माणूस येतो. माजघरात घरचे आणि जवळचे नातेवाईक. बाळंतिणीच्या खोलीत सुईण आणि दोन-चार बायका. माजघरात काही लाजिरवाणं दडवलेलं असतं म्हणून परका तिथे जात नाही असं नाही. आत कोणाला घ्यायचं हे घरच्यांनी ठरवायचं असतं म्हणून तो जात नाही. आणि सुईण आत जाते ती सुईण म्हणून. उद्या ती सहज गप्पा मारायला आली, तर ओसरीवरच बसेल.

देहाचंही तसंच आहे. चेहरा आणि हात ही ओसरी. बाकीच्या भागांत कोणी कुठवर यायचं ते नात्यावर, कामावर आणि जागेवर ठरतं. डॉक्टरला आत येता येतं ते त्या कामापुरतं, त्या खोलीपुरतं. तालमीतल्या पोराचा देह तिथे डाव शिकणाऱ्याचा देह असतो, पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून नजर सरळ पुढे निघून जाते. बँकेत त्या देहाचं काही कामच नसतं. मग पाहणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो, की हा मला माजघरात का ओढतोय? रांगेतली माणसं मागे सरतात ती या न मागितलेल्या प्रवेशाला घाबरून. कपडा म्हणजे रोज नव्याने भांडावं लागू नये म्हणून लावलेलं दार. हजारो अनोळखी माणसं लोकलच्या डब्यात खांद्याला खांदा लावून उभी राहू शकतात, याचं बरंचसं श्रेय त्या दाराला आहे.

देह न विचारता बोलतो

पण बहुतेक समाजांत ही रेघ जननेंद्रियांभोवतीच का पडते? एक कारण असं, की देह धन्याची परवानगी न घेता बोलतो. पुरुषाची कामोत्तेजना लपत नाही आणि ती त्याच्या इच्छेवरही अवलंबून नसते. पाळी, गर्भ, आजार, जुने व्रण, वाढतं वय हे सगळं उघडा देह समोर येईल त्याला सांगत सुटतो. ज्याला चार माणसांत काम करायचं, सौदे करायचे, भांडणं मिटवायची, त्याला यातलं काय कोणाला सांगायचं हे आपल्या हाती हवं असतं.

दुसरं कारण आणखी खोल आहे. माणूस मोठ्या गटात राहतो, एकमेकांच्या मदतीवर जगतो आणि तरीही जोड्या करून राहतो. ही जुळणी नाजूक आहे, कारण शेजारी राबणारा सहकारी प्रतिस्पर्धीही असू शकतो. म्हणून जवळपास सगळ्या मानवी समाजांत समागम आडोशाला होतो. इतर प्राण्यांत हे दुर्मीळ आहे. पण आपल्या सातभाईंच्या गोत्रातला अरबी सातभाई याला अपवाद आहे. हे पक्षीही थव्याने राहतात, मिळून पिल्लं वाढवतात, आणि थव्यातल्या इतरांच्या नजरेआड जाऊन जोडी जमवतात. सहकार्यावर जगणाऱ्यांनी मत्सर पेटवणारं दृश्य आड ठेवलं तर सहकार्य टिकतं, असा काही जीवशास्त्रज्ञांचा तर्क आहे. तो अजून तर्कच आहे, पण मला तो पटतो, कारण लाज ही निव्वळ धर्मग्रंथांची देणगी असती तर इतक्या वेगवेगळ्या धर्मांत आणि धर्माबाहेरही ती जवळपास त्याच जागी सापडली नसती.

नियम आत कसा उतरतो

लाज अशी जुनी आणि सर्वदूर असेल तर ती उपजतच म्हणायची का? दीड-दोन वर्षांचं पोर आंघोळीनंतर टॉवेल झुगारून घरभर पळतं आणि पाहुण्यांना आपलं नागडेपण आनंदाने दाखवतं. मग कोणीतरी 'शेम शेम' म्हणत चड्डी घेऊन मागे धावतं. पहिल्यांदा पोराला तो खेळ वाटतो. हळूहळू मोठ्यांच्या चेहऱ्यावरचा बदल ते वाचायला लागतं, आणि सहा-सात वर्षांचं झालं की आपणच न्हाणीघराला कडी लावून घेतं, कोणी दार ढकललं तर ओरडतं. लाजण्याची क्षमता जन्मजात असते. कशाची लाज धरायची ते घर शिकवतं. शिकवण पक्की झाली की बाहेरच्या रखवालदाराची गरज उरत नाही, तो आतच येऊन बसतो. म्हणूनच लाज आपल्याला निसर्गासारखी वाटते.

समाजाच्या बाबतीतही असंच घडलं, असं नॉर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये मांडलं. मध्ययुगीन युरोपात लोक सार्वजनिक स्नानगृहात मोकळेपणाने वावरत, एका खोलीत उघडे झोपत. पुढे दरबारी शिष्टाचार आले आणि लाजेचा उंबरठा चढत गेला, असं त्याचं म्हणणं. हान्स पेटर ड्युर या जर्मन अभ्यासकाने पुढे त्यावर कडाडून हल्ला केला. मध्ययुगातही स्नानगृहांत स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या व्यवस्था होत्या, लाज तेव्हाही होती, हे त्याने पुराव्यांनिशी दाखवलं. दोघांचे पुरावे शेजारी ठेवले तर मला त्यांत फारसा विरोध दिसत नाही. उंबरठा नेहमीच होता, त्याची उंची बदलत गेली.

हे सगळं इंग्रजांनी आणलं का?

आपल्याकडे वारंवार ऐकू येणारा आक्षेप असा, की भारतीयांना देहाची लाज नव्हती, ती व्हिक्टोरियन इंग्रजांनी लादली. यात तथ्याचा अंश नक्की आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीची दांपत्यं उभी आहेत. त्यांतल्या स्त्रियांची छाती उघडी आहे, कमरेला भरघोस मेखला आहे, आणि चेहऱ्यावर संकोचाची रेषाही नाही. अजिंठ्याच्या चित्रांत राजाराणीच्या अंगावर दागिने जास्त आणि वस्त्र कमी, तर कित्येक सेवक शिवलेल्या, पूर्ण बाह्यांच्या अंगरख्यांत दिसतात. अंग जितकं झाकलेलं तितकी प्रतिष्ठा मोठी, हे आजचं समीकरण तिथे लागू पडत नाही.

पण यावरून लाजच नव्हती असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. मनुस्मृतीत नग्न होऊन स्नान करू नये असा नियम आहे. शतपथ ब्राह्मणातल्या कथेत उर्वशी पुरूरव्याला अटच घालते, की तू मला कधी नग्न दिसता कामा नये. गंधर्वांनी पाडलेल्या विजेच्या उजेडात तो तसा दिसतो आणि ती निघून जाते. जैनांच्या दिगंबर आणि श्वेतांबर पंथांतला मोठा वादच मुनीने वस्त्र ठेवावं की नाही, आणि नग्न राहू न शकणाऱ्या स्त्रीला त्याच जन्मी मोक्ष आहे की नाही, यावरचा आहे. ज्या समाजाला नग्नतेचं काहीच वाटत नाही, तो तिच्यावरून शतकानुशतकं वाद घालणार नाही.

परक्या नजरेने उंबरठा उंचावल्याचं नेमकं उदाहरण हवं असेल तर ते जपानचं. १८५४ मध्ये अमेरिकन कमोडोर पेरीच्या ताफ्यातली माणसं शिमोदा बंदरात उतरली आणि स्त्री-पुरुष एकत्र आंघोळ करतात हे पाहून हबकली. पुढे पाश्चात्त्यांच्या पंक्तीला बसायचं म्हणून जपानी सरकारने १८७२ मध्ये तोक्योत रस्त्यावर उघड्या अंगाने फिरण्यावर आणि मिश्र स्नानावर बंदी घातली. जपानी देह बदलला नव्हता. त्याच्याकडे पाहणारा मात्र नवा आला होता.

कपडे उतरले की नियम वाढतात

झाकल्यामुळेच कुतूहल चाळवतं, सगळ्यांनी कपडे टाकले तर विकृती आपोआप गळून पडेल, असंही एक म्हणणं आहे. ते सहज उडवून लावण्यासारखं नाही. मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीदेहाची चित्रं छापली, मजकुरावरून खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. उघडा देह आणि अश्लीलता एक नव्हेत, हा कर्व्यांचा आग्रह आज कायद्यालाही मान्य आहे. केवळ नग्न आहे म्हणून चित्र अश्लील ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. जर्मनीत बागांमध्ये आणि तळ्याकाठी नग्न उन्हं खाणारी कुटुंबं शंभराहून जास्त वर्षं हेच दाखवत आली आहेत.

पण कपडे गेले म्हणून व्यवस्था जात नाही. मार्टिन वाइनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या नग्नसंघांच्या शिबिरांचा अभ्यास केला. तिथे त्याला नियमांची मोठी जंत्री सापडली: टक लावून पाहायचं नाही, लैंगिक विषयावर बोलायचं नाही, अंगाला अंग लावायचं नाही, दारू नाही, न विचारता फोटो नाही. बाहेरच्या जगात एक सदरा जे काम मुकाट्याने करतो, त्यासाठी तिथे प्रत्येकाला सतत नजर आणि जीभ सांभाळावी लागत होती. कर्व्यांचा मुद्दा खराच आहे, कपड्याशिवायही सभ्यता शक्य आहे. पण त्यासाठी सगळ्यांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास लागतो. तो शिबिराच्या कुंपणात जमतो. दादर स्टेशनवर तो आणायचा कुठून?

उतरवलं कोणी?

दार म्हटलं की ते कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न येतोच. त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना वरच्या जातींपुढे छाती झाकायची बंदी होती. तिथे उघडी छाती हे आदर दाखवण्याचं चिन्ह ठरवलेलं होतं. ज्यांनी झाकली त्यांच्या अंगावरची वस्त्रं भर बाजारात फाडली गेली. दंगलींनंतर २६ जुलै १८५९ ला राजाने छाती झाकायला परवानगी दिली, पण अट घातली, की वरच्या जातींच्या स्त्रिया नेसतात तसं वस्त्र घ्यायचं नाही. लाज कातडीची असती तर कुठल्याही कापडाने काम भागलं असतं. भांडण आपल्या देहाचं दार आपण लावायचं की दुसऱ्याने, यावरून होतं.

याच्या अगदी उलट टोकाला श्रवणबेळगोळचा बाहुबली उभा आहे. सुमारे ५७ फूट उंच, दहाव्या शतकाच्या अखेरीचा, पूर्ण नग्न, आणि पायाशी मराठीतला शिलालेख. त्याच्या महामस्तकाभिषेकाला लेकुराबाळांसह लाखो लोक जातात आणि कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. वस्त्र त्याने स्वतः टाकलं आहे आणि कोणाकडून काही मागण्यासाठी टाकलेलं नाही, हे प्रत्येकाला माहीत असतं. स्वतः टाकलं तर वैराग्य, दुसऱ्याने ओढलं तर विटंबना. युद्धकैद्यांना, दलित स्त्रियांना, चोरीच्या संशयावरून धरलेल्या गरिबांना नागवं करून फिरवणारे हे पक्कं जाणून असतात, म्हणूनच मारहाणीवर त्यांचं भागत नाही.

आपल्या कायद्यातही हा फरक आता नीट उतरला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीला विवस्त्र करण्यासाठी केलेला हल्ला हा स्वतंत्र गुन्हा झाला. तीन ते सात वर्षं शिक्षा. चोरून पाहण्याच्या कलमात तर आणखी बारीक तरतूद आहे: स्त्रीने फोटो काढायला संमती दिली, पण तो इतरांना दाखवायला दिली नाही, तर तो पसरवणं हा गुन्हा. माजघरात बोलावलेल्याने गावाला आत आणायचं नाही, हेच तिथे कलमाच्या भाषेत लिहिलं आहे. भारतीय न्याय संहितेतही या तरतुदी कायम आहेत.

गेल्या काही वर्षांत मुलींचे साधे, कपड्यांतले फोटो घेऊन संगणकाने त्यांना नग्न दाखवण्याचे प्रकार सुरू झाले आहेत. या चित्रांत त्या मुलीची कातडी कणभरही नसते. दिसणारा देह तिचा नाहीच. तरीही तिला होणारी इजा तंतोतंत खरी असते, कारण तिच्या नावाने, तिला न विचारता, कोणीतरी गावाला आत घेतलेलं असतं. अशा वेळी घरचे आणि शाळावाले मुलींनाच सांगतात, की फोटो टाकूच नका. हा सल्ला मायेपोटी येतो, पण तो चुकीच्या माणसाला दिला जातो. ओसरीवर बसण्यात तिची काही चूक नव्हती. जाब विचारायचा तो चित्र बनवणाऱ्याला, आणि ते पुढे पाठवण्याआधी क्षणभरही न थांबलेल्या प्रत्येकाला.